माशाचं तोंड कुणाकडं

कोल्हापुरात पाटीवर बोकड काढायचे आणि आत मटण ठेवायचं नाही, याला खरं तर शिक्षा असायला हवी. मैनाक्कानं हा गुन्हा आयुष्यभर राजरोस केला. त्यात मी तिचा साथीदार होतो, कारण पाटीवरचे बोकड मी रंगवायचो.

शिवाजी पेठेत एका कोपऱ्यावरच्या इमारतीत खाली माझं पेंटरचं दुकान होतं. गाड्यांच्या नंबरप्लेटा, तालमींचे फलक, निवडणुका आल्या की भिंती. दुकानाला लागून लाकडी जिना, आणि जिना चढून गेलं की ‘फाइव्ह गोट्स – कँटन भोजनगृह’. पेठेत सगळे त्याला ‘पाच बोकड’ म्हणत. नव्वद साली मी तिथं दुकान थाटलं, तेव्हाही ते जुनंच होतं. पाटीवर एका ओळीत पाच दाढीवाले बोकड, आणि प्रत्येकाच्या तोंडात एक हिरवी काडी.

बुधवार, शुक्रवार, रविवार, म्हणजे कोल्हापूरचे मटणाचे वार. त्या दिवशी कुणीतरी परगावचा माणूस पाटी बघून हमखास जिना चढायचा. पेठ वडगावच्या बाजारातून आलेले एक दांडगे शेतकरी मला अजून आठवतात. मी वर भात खात बसलो होतो. त्यांनी खुर्ची ओढली, बाह्या सारल्या आणि ओरडले, “एक मटण ताट! पांढरा रस्सा जास्ती!”

मैनाक्का चहाची किटली घेऊन आली. त्यांच्यासमोर बिनदुधाचा चहा ओतत म्हणाली, “पावणं, बोकड पाटीवर हाईत. ताटात न्हाईत.”

“आँ? मग पाटीवर कशाला काढल्यात?”

“गणपतीच्या फोटूत उंदीर असतोय. म्हणून प्रसादाला उंदीर मागता व्हय?”

गडी चहाकडं वळला. असं कुणी चहाकडं वळलं की ती बोकडांची गोष्ट सांगून टाकायची. तिच्या सासऱ्याचं गाव कँटन, दक्षिण चीनमधलं. त्या गावात एकदा मोठा दुष्काळ पडला. तेव्हा पाच देव पाच बोकडांवर बसून आले. बोकडांच्या तोंडात भाताच्या लोंब्या होत्या. लोकांनी त्या पेरल्या आणि गाव जगलं. “म्हंजी बोकडानं भात आणला. आनि तुमी त्यालाच कापून खानार? काय मानसं हाईसा!” गोष्ट संपेपर्यंत माणसाचा चहा पिऊन झालेला असे, आणि फुकटचा चहा पिऊन उठून जायची कुणाला लाज वाटे. मग सूप यायचं, मग भात. वडगावचे पाहुणे त्या दिवशी तीन वाट्या सूप प्याले. जाताना पाटीकडे बघून त्यांनी बोकडांना हात जोडले, हे मी दुकानातून स्वतः पाहिलं.

तिचं खरं नाव मेई-लान. पेठेनं त्याचं कधी मैनाक्का केलं ते तिलाही आठवत नव्हतं. जन्म कलकत्त्याचा. सासरे सुतार, संस्थानाच्या काळात कुठल्याशा मोठ्या कामाला कोल्हापुरात आले आणि काम संपल्यावर इथंच खानावळ घालून राहिले. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. मी पाहिली तेव्हा तिच्यापुढं पेठेतल्या भाजीवाल्या माघार घेत. आमच्या बायांसारखीच ती ‘मी येतो, मी सांगतो’ म्हणायची. ठेंगणी, अंबाडा घट्ट, ढगळ सदरा आणि विजार, पायात हवाई चप्पल, मनगटावर वारलेल्या नवऱ्याचं मोठं घड्याळ. घड्याळ चालू होतं, पण ती वेळ विचारायची मला. “ह्यात ह्येंची येळ हाय,” म्हणायची.

कुणी नवखा तिच्या डोळ्यांकडे बघून विचारायचाच, “तुम्ही कुठल्या हो?” ती हात न थांबवता म्हणे, “जिन्यावरची.” आणखी खोलात शिरला तर, “जिन्याच्या वरची.” त्यापुढं विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिच्या स्वयंपाकघरात लाल रंग नव्हता. पहाटे कोंबडीचं सूप मंद आचेवर बसायचं ते दुपारपर्यंत. आपल्या पांढऱ्या रश्श्यापेक्षाही साधं, नितळ, आलं आणि मीठ एवढंच. वाफेवरचा मासा, वर आल्याचे धागे, कांद्याची पात आणि कडकडीत तेलाची एक धार. तुकाराम नावाचा गडहिंग्लजकडचा आचारी तिनं स्वतः तयार केला होता. तो मिठाचा हात जरा सैल सोडायचा, म्हणून त्याला ती ‘समुद्र’ म्हणायची. मासा जिवंत पाहिजे हा हट्ट. कळंब्याच्या तळ्यावरून एक कोळी सायकलला डबा बांधून मरळ आणायचा. तुम्ही मासा मागितला की आक्का बादली घेऊन टेबलापाशी यायची. “बघा, ह्यो तुमचा.” मासा बादलीत उडी मारायचा, शेजारच्या टेबलावरची पोरं किंचाळायची आणि गिऱ्हाइकाच्या पँटवर पाणी उडायचं. कपडे खराब झाले म्हणून कुणी कुरकुरलंच तर ती म्हणायची, “ताजा हाय म्हणून उडतोय. मेलेला मासा कुनाची पँट भिजवत न्हाय.”

आणि खर्डा बंद. कोल्हापुरात खर्डा बंद म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. हिरव्या मिरचीच्या खर्ड्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरत नाही. सूप, भात यांच्याबरोबर मागितलात तर बशीत आणून लांब ठेवायची, पण माशाला लावू द्यायची नाही. “माशाला खर्डा लागला की मासा दुसऱ्यांदा मेला.” लोक चोरून पुड्या आणत. ती वासावरून ओळखायची आणि पुडी जप्त व्हायची. गंमत म्हणजे ती स्वतः मागं स्वयंपाकघरात रोज भाकरी आणि खर्डा खायची. मी एकदा पकडलं तेव्हा भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबून म्हणाली, “मासा पावन्यांचा. ह्ये माजं.”

पंच्याण्णवच्या आसपास गल्लोगल्ली चायनीजच्या गाड्या उभ्या राहिल्या. लालभडक मंचुरियन, लालभडक नूडल्स, कढईखाली भडकलेला जाळ बघायलाच गर्दी. ‘पाच बोकडां’ची टेबलं ओस पडायला लागली. मी म्हटलं, आक्का, आता तुम्हीही मंचुरियन ठेवा. संध्याकाळी ती मला घेऊन कोपऱ्यावरच्या गाडीवर गेली, एक प्लेट मागवली, उभ्यानं सगळी खाल्ली, बोटं चाटली. गाडीवाला बिचारा तीच प्लेट पुन्हापुन्हा पुसत होता. साक्षात चिनी बाई परीक्षा घेतेय म्हटल्यावर दुसरं काय होणार! ती त्याला म्हणाली, “भजी झ्याक झाल्यात. पर ह्यो पदार्थ मला म्हाईत न्हवता. कुटला?” परत आली आणि सूप बसवायला लागली. त्यानंतर मंचुरियनचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. हळूहळू गिऱ्हाईकही परतलं, कारण रोज कोण भजी खाणार?

पण पेठ तिला मानायची ती सूप-भातासाठी नव्हे. ती माशाच्या तोंडासाठी.

कँटनकडची रीत अशी की मासा अख्खा वाढायचा, डोक्याशेपटीसकट, आणि टेबलावर जो सगळ्यांत मानाचा, त्याच्याकडं माशाचं तोंड करायचं. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. आता ही रीत कोल्हापुरात आणणं म्हणजे गवताच्या गंजीत काडी टाकणं. आमच्याकडं माणूस एक वेळ उपाशी राहील, पण मानाशिवाय जेवणार नाही. फेटा आधी कुणाला बांधला यावरून भरल्या पंगतीतून उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि मैनाक्का तर यजमानाला विचारायचीही नाही. ताट घेऊन दारात क्षणभर थांबायची, टेबलावर नजर फिरवायची, चालत यायची आणि ताट ठेवायची. ठेवलं ते ठेवलं. लोक आधी चिडायचे. पुढं पुढं ते बघायलाच येऊ लागले.

एकदा मुलगी पसंत करून बोलणी पक्की करायला दोन्हीकडची मंडळी आली. मुलाचे मामा फार बडबडे. सगळं तेच ठरवत होते, तारीख, कार्यालय, मुलीनं नोकरी सोडायची की नाही तेसुद्धा. मुलगी खाली मान घालून बसलेली. आक्का आली. मामांनी नॅपकिन गळ्यात खोचून घेतला. तिनं ताट ठेवलं, आणि माशाचं तोंड सरळ त्या मुलीकडं.

“अहो, चुकलं,” मामा म्हणाले.

“न्हाय चुकलं. संसार कुनी करायचा हाय? तिनंच न्हवं? मग पहिला घास तिचा.”

मुलीनं घास घेतला. सावकाश खाल्ला, पाणी प्याली, आणि सगळ्यांदेखत म्हणाली की तिला हे लग्न करायचं नाही. जो गोंधळ झाला तो झाला. मामा जिन्यावरून उतरताना माझ्या ओल्या पाटीला धडकले आणि त्यांच्या शर्टावर ‘उसाचा रस’मधला ‘रस’ उमटला. दोनेक वर्षांनी तीच मुलगी नवऱ्याला घेऊन जेवायला आली. या खेपेला आक्कानं माशाचं तोंड नवऱ्याकडं केलं. “ह्येला बगू दे की आता घाबरून,” म्हणाली. तो खरंच घाबरला, पण मासा संपवला.

मासा उलथायचा नाही, हा दुसरा नियम. वरची बाजू खाऊन झाली की खालच्या बाजूसाठी आपण बिनदिक्कत मासा पालथा करतो. ती हातावर चापट मारायची. मासा उलथला की कुठंतरी कुणाची नाव उलथते, अशी तिच्याकडची समजूत. मधला काटा तसाच उचलून काढायचा, खालचं मांस आपोआप मोकळं होतं. सवय नसेल तर काटा मध्येच मोडतो. म्हणून एकानं डोकं दाबायचं, दुसऱ्यानं शेपूट धरून उचलायचं.

आता आबा आणि बापू. इमारत इंगवल्यांची, म्हणजे या दोघा सख्ख्या भावांची. थोरले आबा पेठेत राहात, धाकटे बापू वडगावकडच्या गावी शेती आणि गावदेवीचं देऊळ सांभाळत. वडील दादासाहेब गेल्यावर गावच्या जत्रेत पहिला नारळ कुणी फोडायचा यावरून दोघांत फाटलं. आबा म्हणत, मी थोरला. बापू म्हणत, वर्षभर देवीला दिवा मी लावतो. एका वर्षी दोघांनी एकदमच नारळ आपटले आणि मग माणसं आपटली. तेव्हापासून बोलणं बंद, आणि पहिल्या नारळाचा मान कुणालाच नाही. गुरव गुपचूप फोडून मोकळा व्हायचा. दोघेही मैनाक्काकडं जेवायला मात्र यायचे. आबा बुधवारी, बापू रविवारी, एकाच खिडकीजवळच्या टेबलावर. दोघेही चोरून खर्ड्याची पुडी आणायचे आणि दोघांचीही पुडी जप्त व्हायची. एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं. मला आणि आक्काला माहीत होतं.

आणि मग पुण्याचा एक बिल्डर आला. इमारत पाडायची, कॉम्प्लेक्स बांधायचं. आबा तयार झाले, कारण जागा राहिली तर ती बापूबरोबर सामाईकच राहणार; विकली की पैसे वाटून संबंध तुटला. बापूही तयार झाले, त्याच कारणानं. सही मात्र दोघांची एकाच कागदावर हवी होती. आबा बापूंच्या उंबऱ्याला पाय लावणार नाहीत, बापू आबांच्या. वकिलाकडं जायचं तर आधी कोण पोहोचणार यावर अडलं. शेवटी बिल्डर म्हणाला, तुमच्याच इमारतीत हॉटेल आहे, तिथं बसू. शुक्रवार दुपार ठरली, कारण बुधवार आबांचा आणि रविवार बापूंचा. जेवणही त्यानंच फोनवर सांगितलं. अख्खा मासा, स्पेशल.

म्हणजे ज्या जेवणावर आक्काची चूल कायमची विझणार, तेच तिनं रांधायचं होतं. माझंही दुकान त्यात जाणार होतं. मी गुरुवारी तिच्याकडं धावलो. ती आल्याचे धागे कापत होती.

“आक्का,” मी म्हटलं, “अवघड काही नाही. उद्या माशाचं तोंड आबांकडं करा. बापू ताट लाथाडून उठतील. नाहीतर बापूंकडं करा, आबा उठतील. सही होत नाही. सुटलो आपण.”

सुरी थांबली. इतक्या वर्षांत तिचा चढलेला आवाज मी रोज ऐकला होता. उतरलेला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“पेंटर, बासष्टला चीनशी लढाई लागली. आमच्या ह्येंना दर आटवड्याला पोलीस ठाण्यावर हजेरी. लोक जिना चढंनात. तवा ह्या दोघांचं वडील, दादासाब, दर आटवड्याला ह्येंच्या संगट जाऊन ठाण्याच्या बाकड्यावर बसायचं. फेटा बांधून. कुनी विचारलं तर म्हनायचं, माझा भाडेकरू हाय, मी आलो सोबतीला. वर्सभर बसलं त्यो मानूस. आनि त्येच्या पोरांत मी माझ्या माशानं भांडान लावू व्हय?”

“मग काय करणार?”

“मासा करनार,” ती म्हणाली आणि पुन्हा आलं कापायला लागली. मी खाली येऊन उगाच एक डबा ढवळत बसलो. मला तिचा राग आला होता. तत्त्वानं पोट भरत नाही, असं मी त्या डब्याला दोनतीनदा सांगितलं.

शुक्रवारी मलाही बोलावलं होतं, जागा सोडायची तारीख ऐकायला. मी कोपऱ्यात बसलो. खिडकीच्या टेबलाला एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला बापू, मध्ये बिल्डर, त्याच्यापुढं कागदांची पिशवी. दोघं भाऊ एकमेकांकडं न बघता खिडकीबाहेर बघत होते. सूप झालं, भात आला. बिल्डर एकटाच बोलत होता, पार्किंगबद्दल.

मग आक्का मासा घेऊन दारात आली. भली थोरली मरळ, लांब ताटातही मावत नव्हती. ती थांबली. आबांनी टोपी नीट केली. बापूंनी खुर्ची पुढं घेतली. तुकाराम कढईचा झारा हातात घेऊन तिच्यामागं उभा, आणि माझा घास तोंडातच. ती चालत आली, ताट ठेवलं आणि फिरवायला लागली. आबांवरून तोंड पुढं गेलं. बिल्डरवरून गेलं. बापूंवरून गेलं. ती जिथं उभी होती त्या मोकळ्या बाजूला येऊन ते थांबलं.

“पेंटर, खुर्ची आन.”

मी माझीच खुर्ची नेऊन दिली. मैनाक्का खाली बसली. इतक्या वर्षांत त्या खोलीत तिला बसलेली मी पाहिली नव्हती. कुणीच पाहिली नव्हती.

“हिथलं शेवटचं जेवान हाय म्हनत्यात,” ती म्हणाली. “चूल माझी, मासा माझा. जन्मभर वाढलं. आज मान माझा. कुनाची हरकत?”

तिनं जेवायच्या दोन काड्या उचलल्या, माशाच्या मानेजवळचा पांढराशुभ्र तुकडा अलगद काढला, बघितला, आणि परत ताटलीत ठेवला. मग मागं वळून ओरडली, “तुक्या! खर्डा आन!”

तुकारामानं वाटी आणली. आक्कानं माशाचा तुकडा त्या हिरव्यागार खर्ड्यात बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला.

आबांची टोपी सरकली. “आक्का! खर्डा?”

“लई ब्येस लागतोय.”

“माशाला?”

“मग कशाला? मान माझा, जीभ माझी.”

“आनि आमाला गं? आमाला का जन्मभर—” आबांनी वाटीकडं बोट केलं.

आणि मग बापू उसळले. टेबलावर हात आपटून, सरळ भावाकडं बघून ओरडले, “आबा, बघिटलंस का ह्ये? माझी पुडी ह्या बाईनं जिन्यावरनं खाली भिरकावलीती! भर रविवारी!”

“तुझी भिरकावली? आरं, माझ्या खिशात हात घालून काढून घेतलीया! सुनंच्या देखत!”

“आनि सोता बघ कशी चाटतीया!”

“लुच्ची हाय लुच्ची! दादा होतं तवाबी अशीच होती!”

‘दादा’ म्हटल्यावर दोघेही थबकले. आपण एकमेकांशी बोललो हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. पण तोंडातून गेलेला शब्द काही परत गिळता येत नाही. बापूंच्या ओठांचा कोपरा हलला. आबा आधी हसले, खोकल्यासारखं, आणि मग ते दोघं असे हसले की बिल्डरची पिशवी टेबलावरून खाली पडली. मी रडत होतो. तिखट लागलं असं मी तुकारामाला सांगितलं, पण मी खर्डा खाल्लाच नव्हता.

आक्का मात्र हसली नाही. तिनं दोघांना वाढलं, वाटी मध्ये सरकवली, आणि वरची बाजू संपल्यावर हुकूम सोडला, “आता काटा काढा. मासा उलथायचा न्हाय, ठावं हाय न्हवं? बापू, डोकं दाबा. आबा, शेपूट धरा. हळू. दोघांनी मिळून.”

ते दोघं साठीचे पुरुष शाळेतल्या पोरांसारखे त्या माशावर वाकले. आबांनी घाईनं शेपूट उचलायला घेतलं. बापू म्हणाले, “थांब, मी धरलंय. आता उचल.” काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा वर आला. तुकारामानं दारातून अशी शिट्टी मारली की खाली रस्त्यावर रिक्षा थांबली.

बिल्डरनं घसा खाकरला आणि कागद काढले. बापू भावाला म्हणाले, “ह्ये पाडलं तर तुझ्या बुधवारचं काय?”

“आनि तुझ्या रविवारचं?”

“तुमी पावणं, जेवा की,” आक्का बिल्डरला म्हणाली. “गार होतंय.”

तो कागद पुढं सरकवायला गेला, तेव्हा आबांनी हात वर केला. “आत ठेवा त्ये. तेलाचं डाग पडतील.”

जिंकलो! दुसरा शब्द नाही त्याला. मी खाली येऊन रंगाचे डबे उघडले आणि त्याच संध्याकाळी पाचही बोकड नव्यानं रंगवून काढले. लोंब्या एवढ्या हिरव्या केल्या की आक्का म्हणाली, “आरं, भात हाय का मिरच्या?”

पुढं चैत्रात इंगवल्यांच्या गावची जत्रा आली. पहिल्या नारळाचा प्रश्न होताच. बोलणं सुरू झालं म्हणून मान काही सुटत नाही. आबा म्हणाले बापूनं फोडावा. बापू म्हणाले आबानं फोडावा. आता त्यावरून पुन्हा बिनसायची वेळ आली, कारण मान देण्यातही माघार कुणी घ्यायची? शेवटी दोघे एकाच जीपमधून पेठेत आले, जिना चढले आणि मैनाक्कापुढं उभे राहिले.

मी पाहिलेली ती शेवटची जत्रा. त्यानंतर वर्षभरात मी मुलाकडं पुण्याला गेलो. ‘पाच बोकड’ आक्काच्या माघारी तुकारामाच्या हाती चालू आहे असं कळतं, आणि माशाचं तोंड आता तो फिरवतो. पण मला ती दिसते ती त्या दिवशीची. देवळापुढं पायरीशी उभी, ढगळ सदरा, मनगटावर नवऱ्याचं घड्याळ, कपाळाला गुरवानं फासलेला भंडारा. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला बापू, दोघेही फेटा बांधून. हलगी कडाडत होती. एक म्हातारा पुटपुटला की बाईमाणसाला मान कसा काय. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि तो म्हातारा हलगीवाल्याच्या मागं गेला.

तिनं नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि दगडावर असा आपटला की पाणी तिसऱ्या रांगेपर्यंत उडालं. नारळाचे सरळ दोन तुकडे व्हायचे, ते तीन झाले. एक तिनं आबांना दिला, एक बापूंना, आणि तिसऱ्याचं खोबरं तिथंच दातांनी तोडून चावायला लागली. गुलाल उडाला. गर्दीत ढकलाढकल सुरू झाली तशी पायरीवरूनच ती ओरडली, “लायनीत या रं! देवी कुटं पळून चाललीया व्हय?” आणि ती अफाट गर्दी मुकाट्यानं रांगेत लागली.

माझ्या शेजारी वडगावकडचे एक पाहुणे टाचा उंचावून बघत होते. त्यांनी मला विचारलं, “पावणं, त्या मानकरीन बाई कुठल्या वो?”

मी तोंड उघडलं. कँटन, कलकत्ता, सुतार सासरे, पाच देव आणि पाच बोकड, सगळं ओठांवर आलं. मग म्हणालो, “शिवाजी पेठेतल्या.”

“वाटलंच मला,” ते म्हणाले. “आवाजावरनंच वळाकलं.”